पूड पाण्यात विखुरताना: निलंबन तयार करायला शिकणाऱ्यांसाठी पायरीवार मार्गदर्शन

रंग, सिरॅमिक, शाई, काँक्रीट किंवा बॅटरीचे इलेक्ट्रोड, यांपैकी कोणत्याही कामात नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या काही दिवसांतच एक काम सांगितले जाते: ही पूड या द्रवात नीट मिसळून द्या. काम इतके साधे वाटते की बहुतेक जण काचेच्या दांडीने पाचदहा मिनिटे ढवळतात, रंग एकसारखा दिसला की समाधान मानतात आणि दुसऱ्या दिवशी भांड्याच्या तळाशी बसलेला थर पाहून बुचकळ्यात पडतात. चूक ढवळण्याच्या जोरात नसते. बारीक पुडीच्या बाबतीत खरा व्यवहार कणांच्या पृष्ठभागावर चालतो आणि तो समजून घेतल्याशिवाय कितीही ढवळले तरी उपयोग होत नाही.

बोलताना आपण सहज म्हणतो, ‘पूड पाण्यात विरघळली.’ मीठ विरघळते, म्हणजे त्याचे आयन सुटे होऊन पाण्यात मिसळतात आणि मिठाचा खडा म्हणून काही उरतच नाही. रंगद्रव्य, माती किंवा ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचे ऑक्साइड) विरघळत नाही, ते विखुरते. त्याचा प्रत्येक कण कण म्हणूनच राहतो आणि त्याच्याभोवती द्रव असतो. अशा प्रकारे एका पदार्थाचे कण, थेंब किंवा बुडबुडे दुसऱ्या पदार्थात विखुरलेले असले, की त्या मिश्रणाला विकीर्ण प्रणाली म्हणतात. धूर, धुके, साबणाचा फेस आणि दूध या सगळ्या विकीर्ण प्रणालीच आहेत. साय घुसळून लोणी काढताना तर ही प्रणाली आपल्या डोळ्यांदेखत उलटते, कारण पाण्यात चरबीचे थेंब असलेल्या पायसापासून चरबीत पाण्याचे थेंब असलेले पायस तयार होते. माध्यम घन असले तरी चालते; सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे माणकासारखी लाल दिसणारी काच हे त्याचे उदाहरण आहे. या लेखात मात्र घन पूड आणि द्रव माध्यम, म्हणजे निलंबन, एवढ्याच भागाचा विचार केला आहे, कारण नवशिक्याची गाठ आधी त्याच्याशी पडते.

पहिली पायरी: पूड उघडण्याआधी तीन आकडे मिळवा

पुडीच्या माहितीपत्रकात कणांचा सरासरी व्यास, घनता आणि दर ग्रॅमचे पृष्ठफळ हे आकडे असतात. ते वहीत लिहून घ्यावेत, कारण पुढचा जवळजवळ प्रत्येक निर्णय त्यांवर अवलंबून असतो.

कण किती वेगाने तळाशी जाईल, याचे गणित जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ साली मांडले. या नियमानुसार वेग हा व्यासाच्या वर्गाच्या आणि कण व द्रव यांच्या घनतेतील फरकाच्या प्रमाणात वाढतो, आणि द्रवाच्या श्यानतेच्या, म्हणजे दाटपणाच्या, व्यस्त प्रमाणात घटतो. मातीच्या किंवा क्वार्ट्‌झच्या कणाची घनता २.६५ धरली, तर साध्या तापमानाच्या पाण्यात १० सेंटिमीटर खाली जायला ७५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणाला सुमारे २० सेकंद, २० मायक्रॉनच्या कणाला साडेचार मिनिटे आणि २ मायक्रॉनच्या कणाला पावणेआठ तास लागतात, ०.१ मायक्रॉनच्या कणाला तेवढ्याच अंतरासाठी चार महिन्यांहून अधिक काळ लागेल.

लहान कणांवर गुरुत्वाकर्षणाखेरीज आणखी एक गोष्ट काम करते. रॉबर्ट ब्राउन यांनी १८२७ साली परागकणांतून निघालेल्या सूक्ष्म कणांची पाण्यातली अखंड थरथर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, आइन्स्टाइन यांनी १९०५ साली तिचे गणित मांडले आणि झाँ पेरँ यांनी ते प्रयोगांनी पडताळले. स्टोक्स आणि आइन्स्टाइन या दोघांच्या गणितांनी मातीच्या १ मायक्रॉन व्यासाच्या कणाचा हिशोब केला, तर एका सेकंदात तो सुमारे ०.९ मायक्रॉन खाली उतरतो आणि तेवढ्याच वेळात पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी कोणत्याही एका दिशेत सरासरी तितकाच भटकतो. म्हणून मी १ मायक्रॉन ही उंबरठ्याची रेषा मानतो. तिच्या वरचे कण आज ना उद्या खाली जाणारच. खालचे कण एकएकटे राहिले तर दीर्घकाळ तरंगू शकतात, आणि या लेखातला पुढचा सगळा खटाटोप ‘एकएकटे राहिले तर’ या अटीसाठीच आहे.

तिसरा आकडा पृष्ठफळाचा. एक घन सेंटिमीटरच्या ठोकळ्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. तोच ठोकळा १ मायक्रॉन बाजूच्या तुकड्यांत कापला तर एकूण पृष्ठफळ ६ चौरस मीटर होते आणि १० नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग) तुकड्यांत कापला तर ६०० चौरस मीटर. पूड बदलून अधिक बारीक घेतली आणि बाकी कृती तशीच ठेवली की काम का बिघडते, याचे उत्तर या आकड्यांत आहे. झाकायचे क्षेत्रफळ कित्येक पटींनी वाढलेले असते, पण झाकणारे रसायन मात्र तेवढेच राहिलेले असते.

प्रमाण लिहिताना वजनाचे की आकारमानाचे, हे स्पष्ट लिहावे. १०० ग्रॅम पाण्यात १०० ग्रॅम ॲल्युमिना घातले तर वजनाने ते ५० टक्के होते, पण ॲल्युमिनाची घनता ३.९८ असल्यामुळे आकारमानाने जेमतेम २० टक्के भरते. द्रवाचा दाटपणा आकारमानाच्या टक्केवारीनुसार वाढतो आणि वजनाची टक्केवारी या बाबतीत हमखास फसवते.

दुसरी पायरी: पाणी तपासा, मग पूड भिजवा

नवशिका पुडीकडे बारकाईने पाहतो आणि पाण्याकडे दुर्लक्ष करतो. माझीही सुरुवात तशीच झाली. एका उन्हाळ्यात ऊर्ध्वपातित पाणी संपले म्हणून मी बोअरचे पाणी वापरून चिनी मातीचे निलंबन केले आणि ते तासाभरात दह्यासारखे घट्ट झाले. तीच पूड, तेच यंत्र आणि तेच रसायन होते. बदलले होते फक्त पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. त्याचे कारण चौथ्या पायरीत येईल. तोपर्यंत एवढे पाळावे, की शिकण्याच्या काळात ऊर्ध्वपातित किंवा आयनमुक्त पाणीच घ्यावे, आणि कारखान्यात नळाचे पाणी वापरावेच लागणार असेल तर त्याचा कठीणपणा दर आठवड्याला नोंदवावा.

पूड भिजणे ही स्वतंत्र क्रिया आहे. पिठले करताना उकळत्या पाण्यात एकदम बेसन ओतले की गुठळ्या होतात आणि गुठळी फोडली तर आत कोरडे पीठ सापडते, हे प्रत्येक स्वयंपाकघरात ठाऊक असते. प्रयोगशाळेतही तेच घडते: ढिगाच्या बाहेरचा थर भिजतो, आत हवा कोंडते आणि पाण्याला वाट राहत नाही. त्यावरचा उपायही स्वयंपाकघरातलाच आहे. आधी डिस्पर्संट, म्हणजे कणांना एकमेकांपासून सुटे ठेवणारे रसायन, पाण्यात मिसळावा, मग त्यातल्या थोड्या पाण्यात पूड दाटसर कालवावी आणि नंतर उरलेले पाणी घालत सैल करावे. दाट लगद्यात हाताचा किंवा यंत्राचा जोर गुठळीपर्यंत पोहोचतो, तर पातळ पाण्यात गुठळी प्रवाहाबरोबर नुसती फिरत राहते. काजळीसारखी पूड पाण्याला मुळीच जवळ करत नाही आणि वरच तरंगत राहते. तिच्यासाठी आधी थोडे अल्कोहोल किंवा पृष्ठताण कमी करणारे द्रव्य लागते.

कोरडी पूड ओतताना धुळीपासून बचाव करणारा मास्क लावावा. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही.

तिसरी पायरी: गाठी फोडा

पोत्यातून निघालेली पूड क्वचितच सुट्या कणांची असते. काही गाठी नुसत्या चिकटलेल्या असतात आणि त्या फुटतात. काही मात्र भट्टीत भाजताना कण एकमेकांना सांधले गेल्याने झालेल्या असतात आणि त्यांना दळावेच लागते. दळण्यासाठी बॉल मिल सगळीकडे मिळते. तिच्या बरणीत गोळे साधारण निम्म्यापर्यंत भरावेत आणि निलंबन गोळ्यांच्या वर जेमतेम येईल इतके ठेवावे. वेगाला मर्यादा आहे, कारण फार वेगाने फिरवले की गोळे भिंतीला चिकटून गोल फिरतात आणि दळण होतच नाही. ही मर्यादा काढण्यासाठी ४२.३ या आकड्याला बरणीच्या मीटरमधल्या व्यासाच्या वर्गमुळाने भागावे. २० सेंटिमीटरच्या बरणीसाठी उत्तर मिनिटाला सुमारे ९५ फेरे येते. प्रत्यक्षात त्याच्या ६० ते ७५ टक्के वेग ठेवावा. कानाने ओळखायचे तर गोळे एकमेकांवरून घरंगळत असल्याचा सलग आवाज यायला हवा; आवाज बंद झाला तर वेग जास्त आहे किंवा मिश्रण फार दाट झाले आहे.

थोड्या नमुन्यासाठी अल्ट्रासॉनिक प्रोब चांगला, पण तो द्रव झपाट्याने तापवतो. भांडे बर्फात ठेवून थांबून थांबून चालवावा.

गाठी फुटल्या की काम संपले, असे वाटण्याची हीच जागा आहे. कणांमध्ये कोणताही अडथळा नसेल तर १ मायक्रॉनच्या कणांच्या, आकारमानाने १ टक्का असलेल्या निलंबनात सुट्या कणांची संख्या सुमारे १० सेकंदांत निम्मी होते. कण किती वेगाने एकमेकांवर आदळून चिकटतात याच्या स्मोलुखोव्स्की यांच्या सूत्रात आकडे घातले की हे उत्तर मिळते. म्हणजे तासभर दळून सुटे केलेले कण यंत्र थांबताच पुन्हा एकमेकांना धरू लागतात.

चौथी पायरी: कणांना एकमेकांपासून लांब ठेवा

एकाच पदार्थाचे दोन कण द्रवात जवळ आले की व्हॅन डर वाल्स बलांमुळे एकमेकांकडे ओढले जातात. ही ओढ बंद करता येत नाही, तिच्यासमोर अडथळा तेवढा उभा करता येतो, आणि त्याचे मार्ग दोन आहेत: विद्युतभाराचा आणि लांब रेणूंच्या आवरणाचा.

पाण्यात बहुतेक ऑक्साइड कणांच्या पृष्ठभागावर भार येतो. तो धन की ऋण हे पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर, ठरते. ज्या सामूला निव्वळ भार शून्य होतो त्याला समविभव बिंदू म्हणतात; तो सिलिकासाठी सुमारे २, टायटॅनियम डायऑक्साइडसाठी सुमारे ६ आणि ॲल्युमिनासाठी सुमारे ९ आहे. या बिंदूजवळ कणांना एकमेकांपासून दूर राहण्याचे काही कारण उरत नाही आणि निलंबन घट्ट होते. म्हणून ॲल्युमिना सामू ४ च्या आसपास आम्लात उत्तम विखुरते आणि सामू ९ ला त्याची लापशी होते. हे एकदा स्वतः करून पाहावे: पातळ ॲल्युमिना निलंबनात अमोनियाचे थेंब टाकत जावे आणि ढवळणाऱ्या दांडीला होणारा विरोध हाताला कुठे वाढल्यासारखा वाटतो ते नोंदवावे. आम्ल वापरताना ते पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये.

भाराचा पल्ला किती लांब पोहोचतो, हे पाण्यातल्या क्षारांवर अवलंबून असते. लिटरमागे एक मिलिमोल मीठ असेल तर हा पल्ला सुमारे १० नॅनोमीटर असतो, तर १०० मिलिमोल असेल तेव्हा तो सुमारे १ नॅनोमीटरवर येतो. पल्ला आखूड झाला की कण ओढीच्या टप्प्यात शिरतात. ओढ आणि प्रतिकर्षण यांचा हा एकत्र हिशोब देर्यागिन व लांडाऊ यांनी १९४१ साली आणि व्हर्वे व ओव्हरबीक यांनी १९४८ साली मांडला. चौघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्याला डीएलव्हीओ सिद्धांत म्हणतात. त्यातून आणखी एक गोष्ट निघते, जी शुल्झ आणि हार्डी यांना प्रयोगांतून आधीच दिसली होती: विरुद्ध भाराच्या आयनाची संयुजा, म्हणजे त्याच्यावरच्या भाराची संख्या, वाढली की कण एकमेकांना चिकटवण्यासाठी लागणारी मात्रा कमालीची घटते. आदर्श परिस्थितीत सोडियमची जेवढी मात्रा लागते तिच्या चौसष्टाव्या भागाएवढे कॅल्शियम आणि ७२९ व्या भागाएवढे ॲल्युमिनियम पुरते. माझे बोअरच्या पाण्यातले दही याच कॅल्शियमचे. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ बसतो त्यामागेही तुरटीतल्या ॲल्युमिनियमचा हात असतो, आणि नदीतून आलेली बारीक माती खाडीच्या खाऱ्या पाण्याला भेटताच गोळा होऊन तळाशी बसते, तिथेही क्षारच भाराचा पल्ला आखूड करत असतात.

या प्रश्नाचे आपल्याकडचे एक गाजलेले उदाहरण शांतिस्वरूप भटनागर यांचे आहे. ते लाहोरला असताना रावळपिंडीच्या अटक ऑइल कंपनीपुढे अडचण अशी होती, की तेलविहीर खोदताना वापरला जाणारा चिखल जमिनीतल्या खाऱ्या पाण्याला लागला की घट्ट होऊन कामच थांबे. हा यंत्राचा नव्हे, कलिलांचा, म्हणजे द्रवात विखुरलेल्या अतिसूक्ष्म कणांचा, प्रश्न आहे हे भटनागरांनी ओळखले आणि चिखलात भारतीय डिंक मिसळण्याचा उपाय सुचवला. त्यामुळे चिखलाचा दाटपणा उतरला आणि खाऱ्या पाण्याचा त्याच्यावरचा परिणामही कमी झाला. कंपनीच्या मालकांनी संशोधनासाठी देऊ केलेली दीड लाख रुपयांची रक्कम त्यांनी विद्यापीठाकडे वळवली.

डिंक जिथे भार निष्प्रभ होतो तिथे का चालतो? त्याचे लांब रेणू कणाला चिकटतात आणि त्यांची टोके द्रवात पसरलेली राहतात. दोन कण जवळ आले की ही आवरणे एकमेकांत दाटीने घुसू शकत नाहीत आणि कण दूर राहतात. क्षारांचा या अडथळ्यावर फारसा परिणाम होत नाही. काजळी आणि डिंक खलून केलेली जुनी शाई याच तत्त्वावर टिकते. मात्र मात्रा चुकली तर तेच लांब रेणू उलट काम करतात, कारण ती फार कमी असली की एकाच रेणूची दोन टोके दोन कणांना धरतात आणि पूल तयार होतो. खेड्यांत माठाच्या आतून निवळीची बी घासून पाणी स्वच्छ करण्याची जी रीत होती, तिच्यात हाच पूल उपयोगी पडतो.

चिकणमातीचे प्रकरण थोडे निराळे आहे. तिचे कण पातळ पत्र्यांसारखे असतात. पत्र्याची तोंडे ऋण भाराची आणि कडा, आम्लयुक्त पाण्यात, धन भाराच्या. कड तोंडाला चिकटत गेली की पत्त्यांचा बंगला उभा राहतो आणि थोडी माती भरपूर पाणी अडवून बसते. सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटसारखा फॉस्फेट त्या कडांवर बसून त्यांचा भार उलटवतो आणि बंगला कोसळतो. सिव्हिलच्या विद्यार्थ्यांनी मातीच्या हायड्रोमीटर चाचणीत लिटरमागे ३३ ग्रॅम सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट आणि ७ ग्रॅम सोडियम कार्बोनेट घालून द्रावण केलेले असते. ते बहुतेकांनी कारण न विचारता केलेले असते, आणि कारण हे आहे.

पाचवी पायरी: तीन बाटल्यांचा प्रयोग

महागडे उपकरण हाती येण्याआधी हा प्रयोग एकदा तरी करावा. एकसारख्या उंचीच्या, सरळ बाजूंच्या तीन पारदर्शक बाटल्या घ्याव्यात. प्रत्येकीत २०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी आणि वस्त्रगाळ केलेली १० ग्रॅम शाडूची माती घालावी. पहिलीत आणखी काही घालू नये, दुसरीत सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटची चिमूट टाकावी आणि तिसरीत चमचाभर मीठ. तिन्ही बाटल्या दोन मिनिटे जोरात हलवून एकाच वेळी टेबलावर ठेवाव्यात आणि एक मिनिट, दहा मिनिटे, एक तास व एक दिवस झाल्यावर पाहाव्यात.

तिसऱ्या बाटलीत थोड्याच वेळात मातीचे फुलोरे दिसू लागतात, खाली उतरतात आणि वर नितळ पाणी राहते. तळाचा थर जाड, भुसभुशीत आणि हलवताच उठणारा असतो. दुसऱ्या बाटलीत दुसऱ्या दिवशीही पाणी चहासारखे गढूळ असते. तळाशी बसलेला थर पातळ असतो, पण चमच्याने खरवडला तर खडूसारखा कडक लागतो. आता नवशिक्याला विचारावे, की चांगले निलंबन कोणते? जवळजवळ प्रत्येक जण तळाच्या उंचीकडे पाहतो आणि म्हणतो, तिसऱ्यात तर भरपूर माती ‘फुलून’ राहिली आहे, म्हणजे तेच चांगले. उत्तर उलटे आहे. सुटे कण सावकाश उतरतात आणि एकमेकांशेजारी घट्ट रचले जातात, म्हणून थर पातळ व कडक होतो. गुंतलेले फ्लॉक, म्हणजे कणांचे सैल पुंजके, मोठ्या कणासारखे भरभर उतरतात आणि पोटात पाणी घेऊन बसतात, म्हणून थर उंच व सैल राहतो. नितळ पाणी आणि उंच तळ दिसला की कण एकमेकांना धरून बसले आहेत असे समजावे. पहिली बाटली या दोघींच्या मध्ये कुठेतरी येते आणि नेमकी कुठे, ते तुमच्या मातीतल्या मूळ क्षारांवर ठरते.

दुसऱ्या बाटलीतल्या वरच्या गढूळ पाण्यातून अंधारात मोबाइलचा टॉर्च किंवा लेझर पॉइंटर सोडला तर किरणाचा मार्ग स्पष्ट दिसतो. नुसत्या मिठाच्या पाण्यात तो दिसत नाही. हा टिंडल परिणाम आहे आणि डोळ्याला न दिसणारे कण पाण्यात आहेत याची तो साक्ष देतो.

सहावी पायरी: डिस्पर्संटची मात्रा ठरवा

मात्रा अंदाजाने घालू नये. एकाच प्रमाणाची पाच-सहा निलंबने करावीत, त्यांत कोरड्या पुडीच्या वजनाच्या ०.१, ०.२, ०.३ टक्के असा डिस्पर्संट चढत्या क्रमाने घालावा आणि प्रत्येकाची श्यानता मोजावी. व्हिस्कोमीटर नसेल तर ठरावीक कप भोकातून रिकामा व्हायला लागणारे सेकंद मोजले तरी चालतात. आलेख आधी झपाट्याने खाली येतो, तळ गाठतो आणि मग हळूहळू पुन्हा वर चढतो, कारण जादा रसायन पाण्यात राहून क्षारासारखेच वागते. तळाच्या किंचित अलीकडची मात्रा निवडावी. चिनी मातीसाठी सोडियम सिलिकेट वापरले तर ती बहुधा अर्ध्या टक्क्याच्या आत असते.

फार विरळ निलंबनाचा दाटपणा कणांच्या आकारमान-प्रमाणाच्या अडीचपटीने वाढतो, हे आइन्स्टाइन यांचे सूत्र. म्हणजे २ टक्के कणांनी दाटपणा ५ टक्के वाढतो. पुढे हा सरळ हिशोब सुटतो. एकसारखे गोल कण अस्ताव्यस्त रचले तर जागेचा सुमारे ६४ टक्के भाग व्यापतात आणि त्याच्या बऱ्याच आधी निलंबन वाहायचे थांबते. ४५ किंवा ५० टक्क्यांपर्यंत जायचे असेल तर चढत्या टप्प्यांनी जावे आणि प्रत्येक टप्प्यावर श्यानता नोंदवावी.

सातवी पायरी: वापर पाहून विखुरणे किती हवे ते ठरवा

पूर्ण विखुरलेले निलंबन हेच नेहमी उत्तम, हा समज इथे सोडावा लागतो. पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरण केंद्रात तर कण एकमेकांना धरावेत यासाठीच तुरटी घालतात.

कप किंवा वॉश बेसिन ओतण्यासाठी स्लिप, म्हणजे साच्यात ओतायचे मातीचे निलंबन, करायची असेल तर साचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा असतो. तो पाणी शोषतो आणि भिंतीवर मातीचा थर बसतो. थराची जाडी वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते: १० मिनिटांत ४ मिलिमीटर बसत असेल तर ८ मिलिमीटरला २० नव्हे, ४० मिनिटे लागतील. स्लिप फारच विखुरलेली असेल तर थर इतका घट्ट बसतो की पाण्याला वाट राहत नाही आणि काम रखडते, म्हणून कारागीर डिफ्लॉक्युलंट (म्हणजे डिस्पर्संटच) मुद्दाम जरा कमी ठेवतात. साच्याचे घट्ट झालेले प्लास्टर म्हणजे जिप्सम (कॅल्शियम सल्फेट), आणि ते लिटरमागे सुमारे दोन-अडीच ग्रॅम पाण्यात विरघळते, त्यामुळे साच्यातून परत ओतलेल्या स्लिपमध्ये थोडे कॅल्शियम आलेले असते. उरलेली स्लिप नव्यात किती मिसळायची याचे प्रमाण ठरलेले नसेल, तर महिन्याभरात टाकी घट्ट होत जाते आणि दोष मातीवर ढकलला जातो.

पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइडचे कण ०.२ ते ०.३ मायक्रॉनचे ठेवतात, कारण दिसणारा प्रकाश त्या मापावर सर्वाधिक विखुरतो. कण गाठीत राहिले की झाकण्याची ताकद आणि चकाकी दोन्ही उतरतात आणि तेवढेच झाकण्यासाठी जास्त पूड लागते. दळण किती झाले ते हेगमन गेजवर पाहतात: उतरत्या खोबणीतून रंग ओढायचा आणि ठिपके जिथे सुरू होतात तो अंक वाचायचा. ० म्हणजे १०० मायक्रॉन, ४ म्हणजे ५०, तर ७ म्हणजे साडेबारा. गेजला ठिपके दिसले नाहीत तरी कण नंतर पुन्हा चिकटू शकतात, म्हणून रंगछटेच्या नमुन्याचा लेप अर्धवट सुकताना त्यावर बोट घासतात. घासलेल्या जागेची छटा बदलली तर कण एकमेकांना धरून बसले होते असे समजायचे.

काँक्रीटमध्ये सिमेंटच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर आणि क्षार जास्त, त्यामुळे नुसत्या भाराचा अडथळा तिथे तोकडा पडतो. पॉलिकार्बोक्झिलेट जातीच्या सुपरप्लास्टिसायझरच्या रेणूला कंगव्यासारखे लांब दाते असतात आणि तेच सिमेंटचे कण दूर ठेवतात. गाठींत अडकलेले पाणी सुटते आणि तेवढ्याच प्रवाहीपणासाठी पाणी २० ते ३० टक्के कमी लागते. कमी पाणी म्हणजे कमी छिद्रे आणि जास्त बळ.

आठवी पायरी: साठवण

बाटलीवर पुडीचा लॉट, पाण्याचा स्रोत, सामू, डिस्पर्संटची मात्रा, श्यानता आणि तारीख लिहावी. डबाबंद रंगासारखे निलंबन महिनोन्‌महिने ठेवायचे असेल, तर पाचव्या पायरीतल्या दुसऱ्या बाटलीचा कडक थर आठवावा. तो डब्याच्या तळाशी बसला की गिऱ्हाइकाला काठीनेही उठत नाही, म्हणून अशा मालात थोडे सौम्य फ्लॉक्युलेशन, म्हणजे कणांचे सैल पुंजके होणे, मुद्दाम राखतात किंवा बेन्टोनाइट या चिकणमातीसारखा, हलवले की सैल होणारा आणि ठेवले की घट्ट होणारा, दाटपणा देतात. महिन्यानंतर बाटली न हलवता आधी वरच्या नितळ थराची उंची मोजावी, मग काचेची दांडी हळूच तळापर्यंत नेऊन थर मऊ आहे की कडक ते पाहावे, आणि त्यानंतरच हलवून श्यानता पुन्हा मोजावी. हा क्रम उलटा केला तर पहिल्या दोन नोंदी कायमच्या हातच्या जातात.